विमानतळावर उतरलात, आता कार्डाचे काय?

आंब्याच्या शेवटच्या पेट्या रवाना झाल्या, कलमांखालचा पाचोळा गोळा झाला आणि बागायतदाराच्या हातात चार पैसे आले, की आमच्या कणकवलीच्या कचेरीत परदेशाची चौकशी सुरू होते. पूर्वी लोक विचारायचे ते तिकिटाचे नि व्हिसाचे. आता ते सगळे मुलगा परस्पर फोनवरून उरकतो. राहतो तो विमानतळाच्या दारापासून मुलाच्या घरापर्यंतचा तासाभराचा प्रवास. मुलगा म्हणतो, "बाबा, तिथे कार्ड घ्या आणि मेट्रोने या." कुठले कार्ड, कितीचे, कुणाकडून, हे मात्र तो सांगत नाही, कारण त्याला आता ते सांगण्यासारखे वाटतच नाही.

या खेपेची सगळी पत्रे त्या कार्डाबद्दलची आहेत, म्हणजे मेट्रोच्या फाटकाला नि बसमध्ये टेकवून भाडे द्यायच्या कार्डाबद्दलची. उत्तरांत दिलेले दर मला माहीत आहेत तसे आहेत. निघायच्या आठवड्यात मुलाला एकदा विचारून खात्री करा.

प्रश्न : माझो झील दुबयत आसा. तो कामार असतलो, माका न्हेवक येवचो नाय. म्हणता, आई, नोल कार्ड घे आणि मेट्रोन ये. माका इंग्लिश येना नाय. ह्या कार्ड खंय गावता? (वेंगुर्ले)

आजी, भियाचा काय नाय. दुबईच्या काउंटरवर बहुतेकदा हिंदी चालते. "सिल्व्हर नोल कार्ड" एवढे तीन शब्द पाठ करा, बाकी बोटाने दाखवून भागते.

पण आधी झिलाला एकच प्रश्न विचारा : विमान कुठल्या टर्मिनलला उतरते? मेट्रोचे स्टेशन टर्मिनल १ ला आहे आणि टर्मिनल ३ ला आहे. टर्मिनल २ ला नाही. स्वस्तातले तिकीट काढले की पुष्कळदा विमान नेमके दोनला लागते. मग कार्ड हातात असून उपयोग नाही, बस किंवा टॅक्सी बघावी लागते. विमानतळावरच्या टॅक्सीचा मीटर २५ दिरहमपासूनच सुरू होतो.

दुसरे म्हणजे उतरायची वेळ. मेट्रो रात्रभर चालत नाही. सोमवार ते शनिवार ती पहाटे पाचला सुरू होते, रविवारी मात्र आठला. मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, शुक्रवारी रात्री एकपर्यंत असते. आपल्याकडून जाणारी बरीच विमाने अपरात्री उतरतात. रविवारी पहाटे तीनला उतरलात तर पाच तास बाकड्यावर बसण्यापेक्षा टॅक्सी केलेली बरी, झील काय म्हणायचे ते म्हणो.

आता कार्ड. स्टेशनात शिरल्यावर तिकीट काउंटर असते. चार प्रकार दिसतील. लाल हे कागदाचे तिकीट, एकदोन फेऱ्यांपुरते. निळे कार्ड तिथे राहणाऱ्यांचे, नावानिशी, फोटोसकट. तुमचे ते चंदेरी. २५ दिरहम द्यायचे, त्यातले १९ कार्डात राहतात, सहा कार्डाचे गेले. सोनेरी कार्डाच्या नादाला लागू नका. खास डब्यात बसायला मिळते म्हणून भाडे दुप्पट, आणि गाडी दोघांचीही एकाच वेळी पोचते.

शहराचे भाग पाडले आहेत. एकाच भागात फिरलात तर ३ दिरहम, शेजारच्या भागात गेलात तर ५, त्याच्या पुढे कितीही लांब गेलात तरी साडेसात. आत शिरताना कार्डात किमान १५ दिरहम असावे लागतात. पूर्वी साडेसात पुरत असत, २०२४ च्या ऑगस्टपासून ही रक्कम दुप्पट केली. तुमच्या नव्या कार्डात १९ आहेत, म्हणजे पहिल्यांदा शिरायला अडचण नाही. पण पहिल्याच प्रवासात साडेसात गेले की उरतात साडेअकरा, आणि दुसऱ्या दिवशी फाटक उघडत नाही. "काल तर चालला होता" असे म्हणत पुष्कळ जण तिथे उभे असतात. काउंटरवर रिचार्ज करायला गेलात तर किमान ५० दिरहम भरावे लागतात, तेव्हा कार्ड घेतानाच पन्नास टाकून मोकळे व्हा. कार्ड पाच वर्षे चालते, पैसे वाया जात नाहीत.

डब्यांचे तेवढे सांभाळा. बायकामुलांचा डबा वेगळा असतो, त्याच्या जागी फलाटावर गुलाबी खूण असते. तिथे खुशाल बसा. सोनेरी डब्यात चंदेरी कार्डाने शिरलात तर १०० दिरहम दंड. डब्यात खाल्ले किंवा प्यायले तरी तेवढाच दंड, म्हणून पिशवीतले खाजे घरी पोचल्यावरच उघडा. सामानाचेही बंधन आहे : एक मोठा डाग आणि एक लहान. लोणच्याची बरणी, कोकमाचे आगळ, कुळथाचे पीठ, सुका बांगडा अशा चार पिशव्या लोंबकळत असतील तर मेट्रो विसरा. झिलाला न सांगता टॅक्सी करा. चार पिशव्यांसाठी तरी तो काही बोलणार नाही.

आणि झील शारजाला राहात असेल (पत्रात दुबई लिहिलेले असते आणि घर निघते शारजात, हे मी बऱ्याचदा पाहिले आहे), तर तिथल्या शहरबसला सायर नावाचे निराळे कार्ड लागते. अबुधाबीत हफिलात. देश एक असला तरी प्रत्येक अमिरातीचा कारभार स्वतंत्र आहे.

प्रश्न : आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी आणि दोन कॉलेजातली मुले, सिंगापूरला पाच दिवस जात आहोत. मुले म्हणतात कार्ड नको, बँकेचे कार्डच फाटकाला लावू. मला ते पटत नाही. कोण बरोबर? (देवगड)

या वेळी मुले बरोबर आहेत, पण तुमच्या शंकेतही अर्थ आहे. आधी हिशेब करू. आंबेवाल्याला हिशेबच पटतो.

सिंगापूरचे नेहमीचे कार्ड म्हणजे ईझी-लिंक. २००२ पासून आहे. मोठ्या माणसाचे कार्ड दहा सिंगापूर डॉलरला मिळते, त्यातले पाच डॉलर कार्डाची किंमत, ती परत मिळत नाही. उरलेले पाच प्रवासाला. त्याऐवजी बँकेचे व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट फाटकाला लावले तर कार्डाची किंमत वाचते, पण परदेशी बँकेच्या कार्डावर, ज्या दिवशी वापराल त्या दिवसाला ६० सेंट जादा आकारतात. पाच डॉलरांना साठ सेंटांनी भागले तर आठाच्या थोडे वर येते. म्हणजे आठ दिवसांपर्यंत बँकेचे कार्ड स्वस्त, त्याहून जास्त राहणार असाल तर ईझी-लिंक. तुमच्या पाच दिवसांचे चौघांचे मिळून १२ डॉलर होतात, चार ईझी-लिंक घेतली असती तर २० गेले असते. बँक चलन बदलण्याचे टक्के घेते ते वेगळे, पण ते भाड्यावर, आणि तिथले भाडे मुळात बेताचे.

मात्र चौघांना चार कार्डे लागतील. एका कार्डावर दोघे जाऊ शकत नाहीत. फाटक एका वेळी एकच माणूस मोजते. वडिलांचे क्रेडिट कार्ड सगळ्यांनी आळीपाळीने लावू, हे तिथे चालत नाही. मुलांकडे आपापली कार्डे नसतील तर त्यांच्यापुरती दोन ईझी-लिंक घ्या आणि वाद मिटवा.

तुमच्या शंकेतला अर्थ असा. बँकेचे कार्ड लावले की फाटकावर किती कापले ते दिसत नाही, नंतर ॲपमध्ये बघावे लागते. जुन्या पद्धतीच्या ईझी-लिंकवर भाडे नि शिल्लक तिथल्या तिथे दिसते. यात फक्त म्हातारी माणसेच अडतात असे समजू नका. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या सरकारने जुनी पद्धत बंद करायचे जाहीर केले, तर लोकांनी एवढा गलका केला की दोनच आठवड्यांत निर्णय मागे घ्यावा लागला आणि जुनी यंत्रणा चालू ठेवायला चार कोटी डॉलर मोजावे लागले. खिशातले किती गेले ते जागच्या जागी कळावे, ही काही आपलीच सवय नाही. कार्ड घ्याल तेव्हा "शिल्लक फाटकावर दिसते ना?" एवढे विचारून घ्या.

चांगी विमानतळाचे मेट्रो स्टेशन टर्मिनल २ आणि ३ यांच्यामध्ये आहे. पहिली गाडी साडेपाचच्या सुमारास. तिथून दोन स्टेशने गेली की ताना मेरा येते, शहरात जायचे तर सहसा तिथे गाडी बदलावी लागते. पुष्कळ जण निवांत बसून राहतात आणि गाडी परत विमानतळाकडे निघाली की दचकतात.

बसमध्ये चढताना कार्ड लावायचे आणि उतरतानाही लावायचे. हे मी स्वतः पैसे भरून शिकले आहे. एका पावसाळी संध्याकाळी छत्री, पिशवी आणि नणंद अशा तिघांना सांभाळत उतरले आणि कार्ड लावायचे विसरले. शेवटच्या थांब्यापर्यंत बसून गेले असते तेवढे भाडे कापले गेले. नणंदबाईंनी लावले होते, आणि तो विषय अजून निघतो.

गाडीत खाणेपिणे नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत आहे. ड्युरियन नावाच्या फळाला तर गाडीत बंदीच आहे, तशी पाटीच असते. दिसायला आपल्या फणसासारखे काटेरी, वास मात्र फणसाने मान खाली घालावी असा. हापूसवर बंदीची पाटी मी अजून पाहिलेली नाही.

प्रश्न : मी जहाजावर असतो. सिंगापूरला जहाज लागले की कधी सहा तास, कधी आठ तास बाहेर पडायला मिळते. कार्ड घ्यावे का? (दाभोळ)

नको. वरचा हिशेब वाचा. तुमच्यासाठी साठ सेंट.

प्रश्न : मागच्या वर्षी परदेशात बँकेचे कार्ड फाटकाला लावले तर लाल दिवा. रांगेतले लोक बघायला लागले. खात्यात पैसे होते. घरी येऊन बँकेत विचारले तर म्हणाले, कार्ड उत्तम आहे. मग झाले काय? (खेड)

कार्ड उत्तमच होते, फक्त कुलूप लावलेले होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० पासून नवीन किंवा बदलून मिळालेले कार्ड सुरुवातीला फक्त भारतात, एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालते. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर आणि नुसते टेकवून पैसे देणे, हे तिन्ही ग्राहकाने स्वतः चालू करायचे असते. बँकेच्या ॲपमध्ये तीन वेगवेगळी बटणे असतात. लोक "इंटरनॅशनल" चालू करतात आणि टेकवण्याचे विसरतात. मग दुकानात पिन टाकून कार्ड चालते, पण फाटकावर पिन टाकायची सोयच नसते. तुमचे बहुधा असेच झाले.

फाटकावर चालायला कार्डावर चार तिरक्या कंसांची, लाटांसारखी खूण हवी. ती नसेल तर ते कार्ड टेकवून चालणारच नाही. आणि ते व्हिसा की मास्टरकार्ड, ते बघा. आपल्या भागात पतसंस्था नि सहकारी बँकांची बरीचशी कार्डे रुपेची असतात. गावात, पेट्रोलपंपावर, रेल्वेच्या तिकिटाला ती उत्तम. परदेशातल्या मेट्रोच्या फाटकावर त्यांच्या भरवशावर जाऊ नका.

निघायच्या आधी चाचणी करायची तर घराजवळच्या दुकानात शंभर रुपयांची वस्तू नुसते कार्ड टेकवून घ्या. टेकवणे चालू आहे की नाही, एवढे तरी कळेल. आणि पाकिटात अशी दोन कार्डे असतील तर पाकीटच्या पाकीट फाटकाला लावू नका. आत जाताना एक कार्ड वाचले गेले आणि बाहेर पडताना दुसरे, तर दोन्हीवर अर्धवट प्रवासाचा जास्तीत जास्त आकार बसतो. फोनमधले कार्ड आणि हातातले तेच कार्ड ही सुद्धा फाटकाच्या लेखी दोन कार्डे.

परदेशातल्या मशीनने "रुपयांत घेऊ का?" असे विचारले तर नाही म्हणा आणि तिथलेच चलन निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण तो भाव मशीनवाल्याचा असतो.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक. मुलगी लंडनला आहे, दीड महिना राहणार आहोत. सोबत बारा वर्षांचा नातू. ऑयस्टर कार्डात ज्येष्ठांना सवलत मिळते का? (चिपळूण)

गुरुजी, बाई, नाही मिळत. आपल्याकडे पासष्टी झाली की एसटीत अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर तर फुकट, त्यामुळे आपल्याला ती सवलत जगभर असेल असे वाटते. लंडनमध्ये साठीनंतरच्या सवलती आहेत, पण तिथल्या रहिवाशांना. सिंगापूरचेही तेच, नागरिक नि कायमचे रहिवासी यांनाच. पाहुण्या म्हाताऱ्याला दोन्हीकडे तरुणाचेच भाडे.

सवलत आहे ती तुमच्या नातवाला. अकरा ते पंधरा वर्षांच्या पाहुण्या मुलांना चौदा दिवसांपर्यंत अर्धे भाडे लागते. पण ती आपोआप लागत नाही. ऑयस्टर कार्ड घ्यायचे, मुलाला बरोबर घेऊन भुयारी रेल्वेच्या स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडे जायचे आणि त्या कार्डावर सवलत चढवून मागायची. इंग्रजीत तिला "यंग व्हिजिटर" म्हणतात. विमानतळाच्या स्टेशनातच हे उरकून घ्या. बँकेच्या कार्डावर ही सवलत नाही, म्हणून नातवाला ऑयस्टर घ्याच. दहा वर्षांपर्यंतची मुले मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेत फुकट जातात.

तुमच्या दोघांसाठी मात्र ऑयस्टर घ्यायची गरज नाही, कार्डे नीट चालू करून घेतली असतील तर. मोठ्यांचे भाडे दोन्हीवर सारखेच. दिवसभरात ठरावीक रकमेपलीकडे पैसे कापत नाहीत, ती मर्यादाही दोन्हीला आहे. ऑयस्टरची किंमत परत मिळत नाही. तरी बाईंकडे बँकेचे वेगळे कार्ड नसेल तर त्यांच्यासाठी एक ऑयस्टर घ्या. त्यातली शिल्लक कधी बुडत नाही. दोन वर्षांनी परत गेलात तरी पैसे जागेवर असतात.

हीथ्रोवरून शहरात जायला भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन सगळ्यांत स्वस्त पण संथ, एलिझाबेथ लाइन वेगवान पण महाग. दोन्हीला हीच कार्डे चालतात. दमून गेला असाल तर एलिझाबेथ घ्या, जागाही ऐसपैस असते. आणि बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. २०१४ पासून बंद आहेत. चिल्लर घेऊन ड्रायव्हरसमोर उभे राहू नका, तो मान हलवतो आणि मागची रांग गप्प उभी राहते. तिथे बसमध्ये कार्ड फक्त चढताना लावायचे, उतरताना नाही. सिंगापूरच्या अगदी उलट.

प्रश्न : माझ्याकडे मुंबई मेट्रोचे एनसीएमसी, म्हणजे देशभरच्या मेट्रो-बससाठीचे, कार्ड आहे. त्यावर "वन नेशन" म्हणतात. ते बाहेर चालेल का? (रत्नागिरी)

नेशन एकच, म्हणजे आपले. रुपेवर बांधलेले कार्ड आहे, त्यातल्या प्रवासाच्या पाकिटात दोन हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि ती भारतातल्या फाटकांसाठी आहे. घरी ठेवून जा, हरवणार तरी नाही.

प्रश्न : आम्हाला जपानला जायचे आहे, टोकियो आणि क्योटो, बारा दिवस. सुइकाबद्दल इतके वाचले की डोके गरगरले. शिवाय मध्यंतरी कार्डे मिळतच नाहीत असे ऐकले होते. (दापोली)

खरे ऐकलेत. २०२३ मध्ये चिपचा तुटवडा पडला आणि साध्या सुइका नि पास्मो कार्डांची विक्री थांबवली होती. २०२५ च्या मार्चपासून ती पुन्हा सुरू झाली.

तुम्हाला मात्र साधे नको, वेलकम सुइका बघा. पाहुण्यांसाठीचे आहे, लाल-पांढरे, त्यावर साकुराची फुले. अठ्ठावीस दिवस चालते. साध्या सुइकाला ५०० येनची अनामत लागते, याला लागत नाही. पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत. म्हणून शेवटचे दोन दिवस मोठा रिचार्ज करू नका, आणि थोडे उरलेच तर विमानतळावरच्या दुकानात त्याच कार्डाने भाताचे त्रिकोणी गोळे घ्या. दुकाने, पाण्याची यंत्रे, सामानाची कुलूपपेटी, बऱ्याच ठिकाणी ते चालते. टोकियोच्या हानेदा आणि नारिता विमानतळांवर ही कार्डे मिळतात. ओसाकाच्या कानसाई विमानतळावर उतरणार असाल तर तिथले कार्ड इकोका. नाव वेगळे, काम तेच. २०१३ पासून देशातली दहा मोठी कार्डे एकमेकांच्या भागात चालतात, तेव्हा टोकियोत घेतलेले कार्ड क्योटोच्या बसमध्ये खुशाल लावा.

एक गोष्ट मात्र चालत नाही, आणि तिथेच गोंधळ होतो. टोकियोत कार्ड लावून आत शिरायचे आणि थेट क्योटोला जाऊन बाहेर पडायचे, हे होत नाही. मधल्या शिंकानसेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, तिकीट वेगळे. कार्ड शहरातल्या शहरात. आपल्या रिक्षाने खेर्डीपर्यंत जाता येते, मुंबईपर्यंत नाही, तसे समजा.

रिचार्जसाठी रोख येन जवळ ठेवा, बहुतेक मशीनना नोटाच लागतात. येनच्या मोठ्या नोटा घेऊन निघालात तर विमानतळावरच मोडून हजाराच्या करा. एकदा एका चलनवाल्याने मला सगळी रक्कम मोठ्यांत मोठ्या नोटांत दिली होती, मीही विचारले नाही, आणि उतरल्यावरचा पहिला अर्धा तास सुट्ट्यांसाठी हिंडण्यात गेला. कार्डातले पैसे प्रवासात कमी पडले तरी घाबरू नका. बाहेर पडायच्या फाटकाजवळ एक यंत्र असते, त्यात कार्ड घालून तेवढेच कमी पडलेले पैसे भरता येतात. दंड नाही, ओरडा नाही. ही सोय मला सगळ्या कार्डांमध्ये सगळ्यांत सभ्य वाटते.

तुमच्यासोबत सहा ते अकरा वर्षांचे मूल असेल तर त्याचे कार्ड वेगळे, अर्ध्या भाड्याचे, पासपोर्ट दाखवून मिळते. ते फाटकाला लावले की पाखराच्या पिलासारखा चिवचिवाट होतो. मुले दिवसभर तेवढ्यासाठी स्टेशनात आतबाहेर करायला मागतात.

प्रश्न : हाँगकाँगच्या ऑक्टोपस कार्डात उधारी चालते म्हणे? खरे का? (अलिबाग)

खरे, पण ती तुमच्याच पैशांची. हे कार्ड १९९७ च्या सप्टेंबरपासून आहे, म्हणजे या सगळ्यांत वडीलधारे. घेताना ५० हाँगकाँग डॉलर अनामत ठेवून घेतात. शिल्लक थोडी असताना शेवटचा प्रवास केलात तर खाते उण्यात जाऊ देतात, आणि पुढच्या रिचार्जला ते वळते करतात. रिचार्ज न करता कार्ड परत दिलेत तर अनामतीतून कापतात. म्हणजे सावकाराचे नुकसान नाही आणि रात्री अकराला फाटकावर माणूस अडकतही नाही.

परत करताना काउंटरवर अनामत नि शिल्लक दोन्ही मिळते. घेतल्यापासून तीन महिन्यांच्या आत परत केले तर ११ डॉलर कापतात, म्हणजे सहलीला गेलेल्या प्रत्येकाचे कापतातच. तेवढ्यासाठी खंत करू नका. तीन ते अकरा वर्षांच्या मुलांचे कार्ड वेगळे मागा, तिथे ऐन गर्दीत हे विसरते. ट्रामचे पैसे उतरताना द्यायचे, बसचे चढताना. आणि तुम्ही मांडव्याहून लाँचने जाणारी माणसे, म्हणून सांगते : बंदरातली स्टार फेरी याच कार्डावर चालते. संध्याकाळी वरच्या मजल्यावर बसा. डिझेलचा वास ओळखीचा वाटेल.

प्रश्न : मुलाने दुबईहून, भाचीने लंडनहून, अशी दोनतीन कार्डे आणून दिली आहेत. आम्ही जाऊ तेव्हा चालतील का? की पुन्हा घ्यायची? (सावंतवाडी)

चंदेरी नोल पाच वर्षांच्या आतले असेल तर चालेल. त्यावर कुणाचे नाव नसते. ऑयस्टरही चालेल. जपानचे वेलकम सुइका असेल तर अठ्ठावीस दिवस केव्हाच उलटून गेले असतील, ते मुलांना खेळायला द्या. शिल्लक किती ते बाहेरून कळत नाही, तिथल्या स्टेशनातल्या मशीनवर टेकवून बघावे लागते.

माझ्याकडे कचेरीत बिस्किटाचा एक डबा आहे. परत आलेले लोक आपापली कार्डे त्यात टाकून जातात आणि जाणारे त्यातून घेऊन जातात. प्रत्येकाला मी सांगते, मागे चिठ्ठी चिकटवा, कार्डात किती उरलेत आणि कधी घेतले ते लिहा. आजवर कुणी लिहिलेले नाही.